काळी मारबत, झाशी राणी चौक आणि हेरगिरी करणाऱ्या बायका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युद्धातल्या आणि हेरगिरीतल्या बायकांवर मी गेली बरीच वर्षं लिहिते, बोलते. व्याख्यान संपून चहा आला की ठरावीक प्रश्न येतात आणि उत्तर कपभर चहात मावत नाही. म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून ठेवलंय. क्रम कसलाच लावलेला नाही. जे जास्त विचारतात ते वर आलंय, इतकंच.

हा विषय सुचला कुठून? तोही नागपुरात बसून?

नागपुरात बसले म्हणूनच सुचला. मी सहा-सात वर्षांची असेन. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आजोबांनी मला इतवारीत मारबत, म्हणजे मिरवून शेवटी जाळायचा पुतळा, बघायला नेलं होतं. त्यांच्या खांद्यावर बसल्यामुळे मला ती काळी आकृती एकदम समोरासमोर दिसली. मोठे डोळे, बाहेर आलेली जीभ, आणि खाली हजार माणसं ओरडत होती, "इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" मी विचारलं, ही बाई कोण? आजोबा म्हणाले, "राणी होती. फितूर झाली."

परत येताना झाशी राणी चौकातून आलो. तिथे घोड्यावर दुसरी. ही कोण? "हीपण राणी. ही लढली."

एकाच दिवसात एकाच शहरात दोन राण्या पाहिल्या. एकीला जाळायचं, दुसरीला हार घालायचा. पुढे त्याच चौकाजवळच्या विदर्भ साहित्य संघात व्याख्यानं ऐकायला जाऊ लागले, इतिहास शिकले, शिकवला, तरी तो दिवस डोक्यातून गेला नाही. लढाईशी किंवा हेरगिरीशी संबंध आलेल्या बाईसाठी आपल्याकडे या दोनच जागा रिकाम्या असतात असं तेव्हापासून दिसत आलंय. माझं बहुतेक लिखाण या दोन्हींत न बसणाऱ्या बायकांवर आहे.

काळी मारबत म्हणजे बाकाबाईच ना? मग ती फितूर होती की नव्हती?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मारबतीचं मूळ लोक वेगवेगळं सांगतात. कोणी पुतना मावशीशी जोडतं, कोणी रोगराईशी. काळी मारबत १८८१ पासून निघते असं मानतात आणि ती बाकाबाईची, हे नागपुरात पोरासोरालाही ठाऊक असतं. बाकाबाई म्हणजे दुसऱ्या रघुजी भोसल्यांची राणी. ती वारली १८५८ मध्ये. म्हणजे हा पुतळा तिच्या मागे वीसेक वर्षांनी उभा राहिला.

आता तारखा एकापुढे एक मांडून बघू. दुसरे रघुजी मार्च १८१६ मध्ये वारले. गादीवर मुलगा परसोजी आला, पण तो शरीराने आणि बुद्धीने अधू. कारभार कोणी बघायचा यावरून दोन गट पडले. एका बाजूला बाकाबाई आणि धर्माजी भोसले, दुसऱ्या बाजूला परसोजीचा चुलतभाऊ आप्पासाहेब. आप्पासाहेबांनी बाजी मारली. पण घरात विरोधक होते, त्यामुळे बाहेरून आधार हवा होता. म्हणून त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. दुसऱ्या रघुजींनी जी गोष्ट वर्षानुवर्षं टाळली, ती दोन महिन्यांत झाली. इंग्रजांच्या पलटणी नागपुरात आल्या त्या या तहाने. बाकाबाईच्या सहीने नव्हे.

फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजीचा खून झाला. संशय आप्पासाहेबांवर गेला आणि तो आजही तिथेच आहे. मग त्याच आप्पासाहेबांचं इंग्रजांशी बिनसलं आणि २६-२७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली. ती हरलो. पुढल्या वर्षी आप्पासाहेबांना कैद करून नेत असताना ते शिपायाच्या वेषात निसटले. हेरकथेत शोभेल असा प्रसंग आहे, पण तो पुरुषाचा असल्यामुळे त्याला 'पलायन' म्हणतात, 'कावा' म्हणत नाहीत.

यानंतर बाकाबाई पुन्हा पुढे येते. इंग्रजांनी तिसरे रघुजी हे लहान पोर गादीवर बसवलं आणि पालक म्हणून बाकाबाईला नेमलं. खरा कारभार रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, जेंकिन्स याच्या हातात होता. तिने इंग्रजांशी जुळवून घेतलं यात वाद नाही. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी निपुत्रिक वारले, पुढल्या वर्षी राज्य खालसा झालं. जवाहीर कलकत्त्याला गेलं, हत्तीघोडे लिलावात निघाले. आणि एवढं होऊनही, १३ जून १८५७ च्या रात्री टाकळीच्या, इंग्रजांच्याच नोकरीतल्या घोडदळाने उठावाचा बेत केला तेव्हा या म्हातारीने आपलं वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकलं. शहर शांत राहिलं. पुढे दत्तक गेलेल्या जानोजींना देऊरचे राजेबहादूर म्हणून मान्यता आणि नेमणूक, म्हणजे तनखा, मिळाली.

याला फितुरी म्हणायचं तर म्हणा, माझी ना नाही. ज्यांना त्या जूनमध्ये फासावर चढवलं त्यांच्या बाजूने बघितलं तर दुसरा शब्द सुचत नाही. मला खटकतं ते वेगळंच. १८१६ च्या तहाचा पुतळा कोणी जाळत नाही. त्या तहावर सही करणारा पुरुष पुढे लढला, म्हणून त्याचा आधीचा हिशेब मिटला. बाई मात्र चाळीस वर्षं राजकारण करून फक्त शेवटच्या जूनपुरती उरली.

मग मारबत बंद करा म्हणता का?

छे! मी स्वतः दरवर्षी जाते. बडगे, म्हणजे मारबतीबरोबर निघणारे चालू घडामोडींवरचे पुतळे, बघायला तर आवर्जून जाते. त्यात यंदा कोणाचा नंबर लागलाय, हे बघण्यातच अर्धी मजा आहे.

बाकाबाई इंग्रजांची हेर होती का?

नाही. ती राजकारणी होती. हेर वेगळा. दरबारात काय चाललंय ते कळायला रेसिडेंटाकडे पगारी बातमीदार असत. एल्फिन्स्टन १८०४ ते १८०८ इथे रेसिडेंट होता, त्याच्या काळापासूनच्या त्या कचेरीच्या पत्रव्यवहारातले निवडक कागद पाच खंडांत छापलेले आहेत. ते चाळले तर बातमी हा किती रोजचा, किती कंटाळवाणा धंदा होता ते कळतं. कोण कोणाला भेटलं, कोणाचा पगार थकला, कोणाच्या मुलीचं लग्न कुठे ठरलं. यातली शेवटची बातमी पुरुषाला कुठून मिळत असेल, याचा विचार तुम्हीच करा.

विषकन्या खरंच असायच्या का?

विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकात विषकन्या आहे. चंद्रगुप्तासाठी पाठवलेली, आणि चाणक्याच्या डावामुळे मरतो तो पर्वतक. नाटक म्हणून झकास. पण लहानपणापासून थोडंथोडं विष पाजून नुसत्या स्पर्शाने माणूस मारणारी मुलगी तयार होत नाही, एवढं रसायनशास्त्र आपल्याला कळायला हवं.

कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त जे आहे ते मला कितीतरी जास्त रोचक वाटतं. पहिल्याच अधिकरणात गुप्तहेरांचे प्रकार सांगताना तो परिव्राजिकेचं वर्णन करतो: उपजीविका हवी असलेली, गरीब, विधवा, धीट, ब्राह्मण बाई, जिला राजाच्या अंतःपुरात मान आहे, तिने बड्या अमात्यांच्या घरी जात-येत राहावं. नोकरीची जाहिरातच वाटते ना? यात सौंदर्याचा शब्द नाही. गरज, धीटपणा आणि घरात शिरायची मुभा, या तीन अटी. कोणाच्याही माजघरात जाऊन बसता येईल, दोन गोष्टी कानावर पडतील, आणि 'बिचारी' म्हणून कोणी संशय घेणार नाही. त्याच अधिकरणात पुढे असंही आहे की राजा झोपेतून उठला की धनुष्य घेतलेल्या स्त्रियांचा पहारा त्याच्याभोवती असावा. ही धनुर्धारी बाई मात्र आपल्या एकाही मालिकेत दिसत नाही. विषकन्या प्रत्येकीत असते.

शिवाजी महाराजांच्या हेरखात्यात स्त्रिया होत्या का? बहिर्जी नाईकांबद्दल काही?

सभासदाच्या बखरीत सुरतेच्या प्रसंगी बहिर्जी येतो, तोही थोडक्यात. आज आपण त्याच्याबद्दल जे ऐकतो त्यातला फार मोठा भाग कादंबऱ्यांनी आणि समाजमाध्यमांनी भरलेला आहे. अशा पायावर बायकांची नावं रचायला मी तयार नाही. आग्रह करू नये.

मराठ्यांच्या इतिहासात ज्यांच्याबद्दल भरपूर कागद आहेत अशा बायका आहेत की! २ मार्च १७०० ला सिंहगडावर राजाराम महाराज वारले तेव्हा ताराबाई पंचविशीतल्या होत्या. पुढची सात वर्षं औरंगजेबाशी लढाई त्यांनी चालवली आणि त्यांची तारीफ खाफीखान या मोगल इतिहासकाराने लिहून ठेवली. शत्रूने केलेली तारीफ मी दुप्पट मोजते. उमाबाई दाभाडे घ्या. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत मुलगा गेला, तरी त्यानंतर सेनापतीच्या घराण्याचा पसारा सांभाळून त्या गुजरातेत फौज घेऊन गेल्या.

गोंडराणी दुर्गावतीबद्दल लिहीत नाही का?

लिहिलंय, अजून लिहिणार आहे. नागपूर वसवलं ते देवगडच्या गोंडराजाने, बख्त बुलंद शाहने, आणि तरी आमच्या शाळेत गोंडांचा इतिहास दीड पानात आटपायचा. दुर्गावती गढा-मंडल्याची. नवरा दलपतशाह वारल्यावर मुलाच्या नावाने राज्य चालवलं. १५६४ च्या जूनमध्ये अकबराचा सरदार आसफखान चालून आला तेव्हा ती हत्तीवर बसून लढली, बाण लागले, आणि पकडली जाण्याआधी स्वतःच जीव दिला. हे सगळं अबुल फजलने लिहिलंय, म्हणजे पुन्हा समोरच्या पक्षाने.

झलकारीबाई खरी की दंतकथा?

या प्रश्नावर सभागृहात आवाज चढतात, म्हणून जपून उत्तर देते. झलकारीबाईची आठवण बुंदेलखंडात, विशेषतः कोरी समाजात, पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आली. छापील रूपात ती घराघरांत गेली ती मुख्यतः १९४६ च्या एका हिंदी कादंबरीमुळे. २००१ मध्ये तिच्यावर टपाल तिकीट निघालं. ती झाशीच्या राणीसारखी दिसायची आणि राणीच्या वेषात इंग्रजांसमोर गेली, हा प्रसंग मी इतिहास म्हणून सांगत नाही, आठवण म्हणून सांगते. दोन्हींची किंमत वेगळी असते, कमी-जास्त नसते.

पण एक गोष्ट ठामपणे सांगता येते. १८५८ मध्ये झाशीला वेढा पडला असताना इंग्रज फौजेबरोबर टॉमस लो नावाचा डॉक्टर होता. तटावर बायका तोफांच्या जागी राबताहेत, दारूगोळा वाहताहेत, हे त्याने नोंदवलं. आणि वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा झाशीच्या आत होते! दक्षिणा मिळवायला निघालेला कोकणातला भिक्षुक ऐन युद्धात सापडला आणि पुढे त्याने 'माझा प्रवास' लिहिला. मराठी वाचकाला हे दुर्बिणीच्या दोन्ही टोकांतून बघायला मिळतं, बाहेरून आणि आतून. तटावरच्या त्या बायकांची नावं कोणी लिहिली नाहीत. झलकारी हे त्यांतल्या एकीला लोकांनी लक्षात ठेवून दिलेलं नाव आहे, असं मी मानते.

माताहारीला तुम्ही टाळता का?

टाळत नाही, कंटाळले आहे. नेदरलँड्समध्ये १८७६ मध्ये जन्मलेली मार्गारेता झेल्ले पॅरिसमध्ये पौर्वात्य नर्तकी म्हणून नाचायची. १५ ऑक्टोबर १९१७ ला फ्रेंचांनी तिला गोळ्या घातल्या. त्या वर्षी फ्रेंच सैन्यातच बंडाळी झाली होती, लोक खचले होते, कोणीतरी दोषी हवं होतं. तिने जर्मनांकडून पैसे घेतले हे खरं, पण बदल्यात उपयोगाची बातमी दिल्याचा पुरावा अगदीच लंगडा होता. आपली वर्तमानपत्रं अजूनही कुठल्याही संशयित बाईला 'माताहारी' म्हणतात. हेरगिरी न जमलेल्या बाईचं नाव हेरगिरीला पडलं!

मग खरी हेरगिरी कशी चालायची?

नागपूरकराला हे समजावणं सोपं आहे. आपल्या स्टेशनाजवळचा डायमंड क्रॉसिंग डोळ्यांपुढे आणा. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा, दोन्ही मार्ग इथे एकमेकांना छेदतात. समजा देश शत्रूच्या ताब्यात आहे आणि तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी रुळांवर उघडते. दिवसरात्र गाड्या मोजल्या, किती डबे माणसांचे, किती घोड्यांचे, किती तोफांचे, कुठल्या दिशेने, तर शत्रूची कुठली फौज कुठल्या आघाडीवर निघालीय ते तुम्हाला सेनापतीच्या आधी कळेल.

पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या बेल्जियममध्ये आणि उत्तर फ्रान्समध्ये नेमकं हेच चालायचं. 'ला दाम ब्लांश', म्हणजे पांढरी बाई, या नावाच्या जाळ्यात हजाराच्या आसपास माणसं होती आणि त्यांत बायकांचं प्रमाण मोठं होतं. फुर्मी गावाजवळच्या एका घरात आई-बाप आणि मुली पाळीपाळीने खिडकीशी बसत. मोजदाद कागदावर केली तर पकडले जाऊ, म्हणून ती वाणसामानात: सैनिकांसाठी घेवड्याचे दाणे, घोड्यांसाठी चिकोरी, तोफांसाठी कॉफीच्या बिया. शिपाई झडतीला आला तरी त्याला ओट्यावर सांडलेलं सामान दिसणार. तयार झालेला अहवाल झाडूच्या पोकळ दांड्यात. मी हे सांगते तेव्हा सभागृहातले पुरुष माना डोलावतात आणि बायका हसतात. डाळ निवडता निवडता अख्ख्या गल्लीवर नजर ठेवणं त्यांना नवीन नाही.

नूर इनायत खान टिपू सुलतानची वंशज होती का? ती इंग्रजांसाठी का लढली?

वडील हजरत इनायत खान बडोद्याचे, सूफी आणि संगीतकार. टिपूशी नातं त्यांच्या आईच्या बाजूने. नूर जन्मली मॉस्कोत, १ जानेवारी १९१४ ला, वाढली पॅरिसजवळ. मुलांसाठी गोष्टी लिहायची. तिचं जातककथांचं पुस्तक १९३९ मध्ये आलं. जर्मनांनी फ्रान्स घेतल्यावर कुटुंब इंग्लंडला गेलं आणि अहिंसा मानणारी ही मुलगी बिनतारी यंत्र शिकली. जून १९४३ मध्ये तिला विमानाने फ्रान्समध्ये उतरवलं. तिथे अशी पाठवलेली ती पहिली महिला बिनतारी चालक. काही दिवसांतच तिच्या जाळ्यातली माणसं धडाधड पकडली गेली. परत ये म्हटलं तर आली नाही, कारण पॅरिसहून लंडनशी बोलणारं दुसरं जवळजवळ कोणी उरलं नव्हतं. बोटं यंत्रावर असताना जर्मन गाड्या लहरींचा माग काढत फिरत, त्यामुळे सारखी जागा बदलायची.

तिच्याकडून चुकाही झाल्या. पाठवलेले संदेश ती एका वहीत जपून ठेवायची. ऑक्टोबरमध्ये ती पकडली गेली तेव्हा वही जर्मनांच्या हाती लागली आणि तिच्या नावाने खोटे संदेश लंडनला जाऊ लागले. देवी करायची असेल तर हा भाग गाळावा लागतो, म्हणून बहुतेक लोक गाळतात. मी गाळत नाही. नाव-गाव मात्र तिने चौकशीत सांगितलं नाही, दोनदा पळायचा प्रयत्न केला, महिनोन् महिने साखळदंडात काढले. १३ सप्टेंबर १९४४ ला दाखाऊच्या छळछावणीत तिला मारलं. १९४९ मध्ये जॉर्ज क्रॉस हा ब्रिटिश शौर्यसन्मान मिळाला.

'इंग्रजांसाठी' म्हणाल तर ती फ्रान्ससाठी आणि नाझींविरुद्ध लढली. भारताचं स्वातंत्र्य तिला हवंच होतं.

आणि नेताजींची झाशी राणी रेजिमेंट?

आझाद हिंद सेनेतली ही बायकांची पलटण. सिंगापुरात २२ ऑक्टोबर १९४३ ला तिची छावणी सुरू झाली, प्रमुख डॉ. लक्ष्मी स्वामीनाथन, पुढे सेहगल. यातल्या कितीतरी मुली मलायातल्या रबराच्या मळ्यांवरच्या तमिळ कुटुंबांतल्या. भारत त्यांनी बघितलेलाही नव्हता आणि त्याच्यासाठी बंदूक उचलली! प्रत्यक्ष आघाडीवर लढायची संधी त्यांना जवळजवळ मिळाली नाही. १९४५ मध्ये ब्रह्मदेशातून माघार घेताना पायपीट, पाऊस, वरून विमानं, हे सगळं त्यांनी सोसलं. त्यांच्यातल्या हेरकथा ऐकायला छान वाटतात. पण चाळीस-पन्नास वर्षांनी सांगितलेली आठवण दुसऱ्या कागदाशी ताडून बघितल्याशिवाय मी छापायला देत नाही.

बायका पुरुषांपेक्षा चांगल्या हेर असतात का?

नाही. त्यांच्याकडे कोणी बघत नाही, एवढाच त्यांचा फायदा असतो.

आमची आजी युद्धाच्या काळात नोकरीला होती. तिची आठवण कशी नोंदवू?

आधी हे काम आजच सुरू करा, दिवाळीनंतर नको. दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये भारतात महिलांचं सहायक दल उभं राहिलं आणि त्यात हजारो मुली गेल्या. धरमपेठेतल्या एका आजींकडे मी गेले होते. विचारलं, तुम्ही युद्धात काय केलंत? "काही नाही गं, नुसते नंबर जोडून द्यायची." संपलं. तासभर चहा-चिवडा. निघताना सहज विचारलं, केस किती लांब होते तेव्हा? मग बोलू लागल्या. कानावरचा हेडफोन अंबाड्यात अडकायचा म्हणून केस कापले, घरी आईने आठ दिवस अबोला धरला, रात्रपाळीला कोणत्या साहेबाचा फोन कोणाला जोडायचा नाही हे पाठ असायचं. "आणि ऐकलेलं कुणाला सांगायचं नाही," हे त्यांनी अजूनही आवाज बारीक करून सांगितलं.

तेव्हा मोठा प्रश्न विचारू नका. पायात काय होतं, पगार कोणाच्या हातात द्यायच्या, जेवायला काय मिळायचं, रात्री घरी कोण सोडायचं, हे विचारा. मोबाइलवर आवाज नोंदवा, पण पंखा बंद करा. कूलर तर नक्कीच. मेमध्ये जाऊ नका. जुना फोटो असेल तर मागची बाजूही टिपून घ्या, बहुतेकदा तारीख तिथेच असते.

यासाठी मोडी यायलाच हवी का?

अठराव्या-एकोणिसाव्या शतकावर काम करायचं असेल तर हो. दोन-तीन महिने रोज तासभर दिलात की अक्षर लागायला लागतं. कागदात बाईचं नाव शोधू नका, 'मातुश्री', 'अमक्याची बायको', 'कुणबीण' हे शब्द शोधा. एका कचेरीत मी असे कागद मागितले तेव्हा तिथल्या साहेबांनी "मॅडम, लेडीजचं असं वेगळं काही नाही इथे" म्हणून मला परत पाठवलं होतं. खरंच वेगळं नसतं. सगळ्यांत मिसळलेलं असतं.

सीताबर्डीचा किल्ला आतून बघता येतो का?

लष्कराच्या ताब्यात आहे. राष्ट्रीय सणांसारख्या मोजक्या दिवशी लोकांना सोडतात. सकाळी लवकर जा, टोपी आणि पाणी घ्या.

व्याख्यानाला येता का? मानधन किती?

येते. मानधनापेक्षा फलकाची अट मोठी आहे. मागे एका ठिकाणी 'वीरांगना' या शब्दाखाली लक्ष्मीबाईंऐवजी सिनेमातल्या नटीचा फोटो छापला होता आणि मला दीड तास त्याखाली उभं राहून बोलावं लागलं. मजकूर आधी दाखवा.

मुलीला शाळेत वेषभूषा स्पर्धा आहे. वर्गात पाच झाशीच्या राण्या आहेत. दुसरं काय करता येईल?

नूरला करा. खर्च शून्य. फ्रान्समध्ये ती जान-मारी रेनिए या नावाने, मुलं सांभाळणारी दाई म्हणून वावरायची, तेव्हा साधा फ्रॉक आणि कोट पुरे. हातात जुनी चामडी सूटकेस द्या, माळ्यावर असेलच. आत जुन्या रेडिओची वायर आणि कानाला लावायचा हेडफोन ठेवा. खऱ्या यंत्राची पेटी जवळपास पंधरा किलोची असायची. मुलीला सांगा, पेटी हलकी असली तरी जड असल्यासारखी उचलायची नाही. जड असली तरी हलकी असल्यासारखी उचलायची. नूरला रस्त्यात तेच करावं लागायचं.